चालते घर, अवघडलेले पाय

अमेरिकेत मुलांकडे गेल्यावर आपल्यापैकी काहींना मोटरहोमच्या प्रवासाचा योग येतो. शौचालय, ओटा, शय्या सारे हाताशी असल्याने धावत्या गाडीत उठण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा; अचानक ब्रेक लागल्यास वृद्ध हाडांना पडणे सोसत नाही. उठायचे ते गाडी थांबवूनच. त्या संकोचापायी पाणी पिणे मात्र कमी करू नये.

मोठ्या मोटरहोमच्या टाकीत सुमारे ३०० लिटर इंधन मावते. ती भरेपर्यंत पंपापासून दूर, सावलीत चालावे. तासन्‌तास बसून पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो. तत्पूर्वी फ्रिज व शेगडीची गॅसज्योत विझवली ना, हे अवश्य विचारावे, चिरंजीव वैतागले तरी! गाडी धुताना शिडीने टपावर चढणे त्यांच्यावर सोपवून आपण खालच्या काचा पुसाव्यात, तेही न घसरणारी पादत्राणे घालून.