हाजराची धाव आणि पाळणाघराचं दार

सफा आणि मरवा या टेकड्यांमधली सई केल्याशिवाय उमराह पूर्ण होत नाही. जगभरातले स्त्री-पुरुष तिथे एका आईच्या पावलांवर पाऊल ठेवतात. ओसाड, परक्या भूमीत तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हजरत हाजरा (अ.) एकट्या धावल्या होत्या. त्या धावेला आपल्या दीनमध्ये इबादतीचा दर्जा आहे. मग आज परक्या मुलुखात मूल कडेवर घेऊन धावणाऱ्या आईचं काय?

कॅनडाच्या क्यूबेक प्रांताचं उदाहरण घ्या. तिथे 1997 मध्ये रोज 5 डॉलर शुल्काची अनुदानित पाळणाघरं सुरू झाली. आजही हे शुल्क 10 डॉलरच्या आत आहे. पण 2018 मध्ये सरकारने ठरवलं की, आश्रयाचा अर्ज मंजूर होईपर्यंत निर्वासितांना ही सवलत नाही. त्याच वर्षी काँगोहून बिजू कानिंदा तीन मुलांना घेऊन तिथे पोहोचल्या. त्यांना कामाचा परवाना मिळाला, पण मुलांसाठी अनुदानित पाळणाघर नाकारलं गेलं. मूल कुठे ठेवायचं हेच ठरत नसेल, तर त्या परवान्याचा उपयोग काय?

कानिंदा कोर्टात गेल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये क्यूबेकच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, हा नियम स्त्रियांशी भेदभाव करतो. कागदावर तो आई-बाप दोघांनाही सारखाच लागू होता, पण घरी अडकून पडत होती ती आईच. प्रांत सरकार या निकालाविरुद्ध कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पाळणाघर नाही म्हणजे काम नाही, भाषेचा वर्ग नाही, ओळखीपाळखी नाहीत. आणि मग हेच समाज म्हणतात, ‘या बायका आमच्यात मिसळत नाहीत!’

आपल्यातही काहीजण म्हणतील, मूल सांभाळणं हे आईचंच काम. पण आपलं गाव सोडून आलेल्या बाईकडे सासू नसते, नणंद नसते, शेजारची खाला नसते. मदिनेत अन्सारांनी मुहाजिरांना घरात आणि मिळकतीत वाटा दिला. ‘तुमचं तुम्ही बघा’ असं ते म्हणाले नाहीत.

हा प्रश्न कॅनडापुरता नाही. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा इथे पोटासाठी आलेली कुटुंबं आपल्याच गल्लीत राहतात. 50 पेक्षा जास्त स्त्रिया काम करत असतील तिथे मुलांसाठी खोली हवी, असं 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने सांगितलं होतं. तरीही वाळूच्या ढिगावर खेळणारी मुलं आपण रोज पाहतो.

आपल्याला दोन गोष्टी करता येतील. पहिली, परगावाहून आलेल्या आईसोबत अंगणवाडीत जाऊन मुलाचं नाव नोंदवून घ्या. ते मूल कुठल्या राज्यातलं आहे हा प्रश्न तिथे आड येता कामा नये. दुसरी, मदरशाची किंवा जमातखान्याची जी खोली सकाळी रिकामी असते, तिथे मोहल्ल्याचं पाळणाघर सुरू करा आणि सांभाळणाऱ्या बायकांना योग्य पगार द्या.

याला खैरात समजू नका. हा त्या आईचा हक्क आहे. सई करताना आपण जिची आठवण काढतो, तिच्या लेकी आपल्या दाराशी उभ्या आहेत.