गाठ बदलते, मग तपासणी एकदाच का?



भिवंडीत लूमवर राबणाऱ्या माणसाचा खोकला थांबत नसेल, तर टीबी समजून महिनोन्महिने गोळ्या चालू शकतात. उशिरा कळतं, फुप्फुसाचा कॅन्सर आहे. मग घरचे म्हणतात, नशीब!

नशीब कसलं? गाठ म्हणजे एकसारख्या पेशींचा गोळा नव्हे. वाढता वाढता पेशींच्या जनुकांत नवे बदल होतात. ईजीएफआर जनुकात बिघाड असेल तर जेफिटिनिबची गोळी गाठ आटवते. पण औषधाला दाद न देणाऱ्या पेशी उरतात आणि त्याच फोफावतात. अशा साधारण निम्म्या रुग्णांत टी 790 एम हा बदल सापडतो. त्यावर ओसिमर्टिनिब हे वेगळं औषध आहे. पण पुन्हा तपासणीच झाली नाही, तर ते कळणार कसं?

हे विज्ञान फक्त परदेशातलं नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलने 350 रुग्णांवर दाखवलं की जेफिटिनिबला सुरुवातीपासून केमोची जोड दिली, तर आजार बळावेपर्यंतचा काळ साधारण 8 महिन्यांवरून 16 वर जातो. त्रास वाढतो, पण आयुष्यही वाढतं.

बुद्धांनी अनित्यता सांगितली. आजारही बदलतो. न बदलणारी आहे ती व्यवस्था: पैसेवाल्याला दुसरी तपासणी, आपल्याला नशीब!

संविधानाचं कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य मानतं. म्हणून मागणी करा: जनुकांची तपासणी मोफत, आणि औषध थकलं की पुन्हा मोफत. जयंतीच्या मिरवणुकीतली गर्दी एकदा या मागणीसाठीही रस्त्यावर दिसू द्या.

जय भीम!