मुद्रितशोधनाची लाल शाई आणि अवतरणातील पुरावा

विद्यापीठीय प्रबंधांच्या मुद्रितशोधनाचा विचार आपल्याकडे बहुधा शुद्धलेखनापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. ‘महत्व’चे ‘महत्त्व’ झाले, ‘निर्मीती’तील मधली वेलांटी ऱ्हस्व झाली, ‘पुर्नरचने’चा रफार योग्य अक्षरावर गेला, की प्रबंध तपासून झाला असे मानले जाते. या दुरुस्त्या आवश्यकच आहेत. तथापि लाल शाई जेथे उमटावयास हवी तेथे ती उमटत नाही आणि जेथे उमटू नये तेथे हमखास उमटते, अशी प्रस्तुत लेखकाची तक्रार आहे.

‘ग्रामीण स्त्रीच्या दुःखाचे चित्रण लेखकाद्वारे प्रभावीपणे केले गेलेले दिसून येते’ हे वाक्य पाहा. यात ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक नाही, म्हणून ते निर्वेधपणे छापले जाते. वस्तुतः ‘लेखकाने ग्रामीण स्त्रीचे दुःख प्रभावीपणे चित्रित केले आहे’ एवढेच त्यात म्हणावयाचे आहे. वाक्य असे सरळ केले की ‘प्रभावीपणे’ हा शब्द उघडा पडतो आणि प्रभावी म्हणजे कसे, हा प्रश्न टाळता येत नाही. पहिल्या रचनेत तो प्रश्न ‘केले गेलेले दिसून येते’च्या आड दडलेला होता. अशा ठिकाणी तपासणाऱ्याने वाक्य स्वतः बदलू नये. समासात प्रश्नचिन्ह करून ते अभ्यासकाकडे परत पाठवावे. ‘अभंग, गवळणी व पदे रचल्या’ येथे मात्र ‘रचली’ अशी सरळ दुरुस्ती करावी. तेथे चर्चेला जागा नाही.

याहून गंभीर प्रश्न अवतरणांचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना १९६२ साली शासनमान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्यांतील एका नियमानुसार विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य आणि केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळानुसार छापावयाचे असते. त्यानंतरचे, खुद्द या दोघांच्या लेखनासह, नव्या नियमांप्रमाणे. सामान्य वाचकासाठीच्या पुस्तकांना ही सोय ठीक आहे. संशोधनात ती अडचणीची ठरते. ‘निबंधमाले’चा आरंभ, म्हणजे १८७४, ही सीमा धरली तर जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) सीमेच्या अलीकडे राहते आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) पलीकडे जातो. एकाच लेखकाची दहा वर्षांच्या अंतराची दोन पुस्तके. एकातील उतारा मुळाबरहुकूम, दुसऱ्यातील सुधारून. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हीदेखील सुधारण्याच्या बाजूला पडते. ज्या लेखनातील बोलीची रूपे आणि उच्चारानुसारी लेखन हाच अभ्यासविषय असावयाचा, त्याचेच प्रमाणीकरण करून आपण त्यावर भाषाशैलीची प्रकरणे लिहितो!

अनुस्वार काढले म्हणून काय बिघडते, असे विचारले जाते. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे रूप एकवचनाचेही असते आणि अनेकवचनाचेही. नव्या नियमांनी त्याचे ‘घरात’ करावयाचे की ‘घरांत’ ठेवावयाचे, हे संदर्भ वाचून ठरवावे लागते. म्हणजे मुद्रितशोधक तेथे अर्थनिर्णय करीत असतो आणि त्या निर्णयाची नोंद कोठेही उरत नाही. (संगणकाने हे काम अधिकच निष्काळजी केले आहे. एका आज्ञेसरशी प्रबंधातील सर्व ‘कांहीं’चे ‘काही’ होते. त्या आज्ञेला अवतरणचिन्हे कळत नाहीत.)

संशोधनपर लेखनापुरता हा नियम शिथिल करावा आणि कोणत्याही काळातील उतारा मुळाप्रमाणेच छापावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे पाने विसंगत दिसतील, एकाच पृष्ठावर ‘नाहीं’ आणि ‘नाही’ शेजारी येतील, हा आक्षेप खरा आहे. पण ती विसंगती इतिहासातलीच आहे. उताऱ्याच्या प्रुफावर खूण करण्यापूर्वी मूळ पुस्तक उघडून पाहण्याची सक्ती विभागांनी करावी आणि कोणती आवृत्ती वापरली हे तिच्या वर्षासह नोंदवून घ्यावे. पुष्कळ जुन्या ग्रंथांच्या १९६२ नंतरच्या आवृत्त्यांत लेखन आधीच बदललेले असते. अशा आवृत्तीवरून लेखकाच्या भाषेविषयी काढलेला निष्कर्ष प्रत्यक्षात तिच्या संपादकाच्या किंवा मुद्रितशोधकाच्या भाषेविषयीचा असू शकतो, आणि परीक्षकाला ते प्रबंधाच्या पानावरून ओळखता येत नाही.