आधी शिष्यवृत्ती, मग संशोधन

वऱ्हाडातली मुलगी एम.ए. झाली आणि पीएच.डी.चे नाव काढू लागली, की घरातले वडीलधारे विचारतात, ‘अजून किती वर्सं शिकन हे? अन् पैसा कोन देईन?’ शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. मला मात्र तो रास्त वाटतो. कपाशी आणि सोयाबीनवर, तेही पावसाच्या लहरीवर चालणाऱ्या घराने हा हिशेब करायचा नाही, तर कोणी करायचा?

हा प्रश्न नवा नाही. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बुद्धी त्यांची होती; पण तिला बोटीत बसवायला कोणाचा तरी पैसा लागलाच.

आज ते काम राजेरजवाड्यांकडे नाही, सरकारी योजनांकडे आहे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवणाऱ्याला २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये ठरले आहेत. दोन वर्षांनी काम समाधानकारक असेल तर ४२ हजार. सारे मिळून पाच वर्षे. शेतीच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची वेगळी परीक्षा आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती आहे.

मग अडते कुठे? माझ्या मते, क्रमात. आपली मुले आधी मार्गदर्शक शोधतात, नोंदणी करतात आणि पैसे संपल्यावर शिष्यवृत्तीची चौकशी करतात. नेट तर पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षातच देता येते. कनिष्ठ शिष्यवृत्तीला वयाची अटही आहे. मुलींना आणि राखीव प्रवर्गांना त्यात सवलत मिळते. राज्याच्या संस्था मात्र आधी पीएच.डी.ची नोंदणी झालेली मागतात. हा फरक ज्याला वेळेवर कळला, त्याची दोन-तीन वर्षे वाचतात. ज्याला उशिरा कळला, तो तासिका तत्त्वावर शिकवू लागतो आणि प्रबंध कपाटात राहतो.

सरकारचा दोष नाही, असे नव्हे. मंजूर रक्कम हाती पडावी म्हणून संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. उशिरा आलेल्या पैशाने खोलीचे भाडे थांबत नाही.

आणि हे सारे कशासाठी? अकोला, अमरावती आणि बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातले खारे पाणी, कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, रिद्धपूरचे महानुभाव साहित्य हे विषय आपल्या दारात आहेत. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे. या मातीत वाढलेल्या मुलांनी हे प्रश्न हाती घेतले नाहीत, तर ते बाहेरचे कोणी आपल्या सवडीने घेईल.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने एम.ए., एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी एक तास या माहितीसाठी द्यावा आणि त्या तासाला आईवडिलांनाही बोलवावे. ‘पैसा कोन देईन?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना आकड्यांत मिळाले, तर मुलीला थांबवण्याचे कारण त्यांच्यापाशी उरणार नाही.