कुलूपबंद बाकं

केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये १७८२ साली चार्ल्स सिमियन हा तेवीस वर्षांचा तरुण पाळक म्हणून रुजू झाला, तेव्हा त्याच्या स्वागताला कुलपं होती. दारांना नव्हे, बाकांना. त्या काळी इंग्लंडात चर्चमधली बाकं घराण्यांच्या हक्काची असत. भोवती फळ्यांचा आडोसा आणि आत शिरायला छोटं दार. मंडळीला पाळक म्हणून हवा होता तिथलाच सहायक, हॅमंड. बिशपांनी नेमलं सिमियनला, तेही त्याच्या वडिलांनी शब्द टाकल्यावर. मंडळीने भांडण केलं नाही. आपापल्या बाकांच्या दारांना कुलपं ठोकली आणि रविवारी घरी बसली.

तरी ऐकायला येणारे येत आणि मधल्या वाटेत उभे राहत. सिमियनने पदरचे पैसे घालून बाकडी आणली आणि वाटेत, कोपऱ्याकोपऱ्यांत मांडली. चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर आवारात फेकली. रविवार दुपारच्या प्रवचनाचा मान आणि त्याचं मानधन मंडळीच्या हातात होतं. ते तिने आधी हॅमंडला दिलं, मग आणखी एकाला, अशी बारा वर्षं गेली. सिमियनने संध्याकाळची उपासना सुरू केली, तर लोक रस्त्यात ताटकळत उभे आणि दाराला कुलूप. एकदा त्याने कुलूप उघडणारा बोलावला, पण तंटा वाढू नये म्हणून ती उपासनाच काही काळ बंद ठेवली.

दुसरा कुणी असता तर वर्षभरात बदली मागून निघून गेला असता. सिमियन त्याच चर्चमध्ये ५४ वर्षं राहिला आणि १८३६ मध्ये तिथला पाळक असतानाच वारला. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी गावातली दुकानं बंद होती.

हे आठवायचं कारण अमेरिकेत आहे. तिथे सध्या पाळकांमध्ये एक वेगळंच पाचारण मूळ धरतं आहे. नवं चर्च काढायचं नाही, मोठ्या चर्चची गादीही नको. मरायला टेकलेली लहान मंडळी शोधायची आणि तिला पुन्हा पायावर उभं करायचं. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. त्याने या कामासाठी स्वतंत्र माणसं नेमली आहेत. अभ्यासक्रम निघाले, पुस्तकं निघाली, परिषदा भरतात. गरजही तशीच आहे. ‘फेथ कम्युनिटीज टुडे’च्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या मधल्या आकाराच्या मंडळीत, म्हणजे निम्म्या मंडळ्या जिच्याहून लहान आणि निम्म्या मोठ्या अशा मंडळीत, आठवड्याच्या उपासनेला ६५ माणसं निघाली. २००० साली हाच आकडा १३७ होता. लाइफवे रिसर्चच्या अंदाजाने २०१९ या एका वर्षात तिथे सुमारे ४,५०० प्रोटेस्टंट चर्चं बंद पडली आणि ३,००० च्या आसपास नवी निघाली. बंद पडलेल्या चर्चच्या इमारती विकल्या जातात, कुठे घर होतं, कुठे हॉटेल. भिंतीतल्या रंगीत काचा मात्र नवे मालक हौसेने ठेवतात.

या चळवळीकडे पाहताना एक घोळ आधी मिटवायला हवा. लहान असणं आणि आजारी असणं या दोन गोष्टी वेगळ्या. चाळीस माणसांची मंडळी ठणठणीत असू शकते आणि चार हजारांची आतून पोखरलेली. आजारी मंडळी ओळखायची तर डोकी मोजून भागत नाही, नोंदवही उघडावी लागते.

वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल बॅप्टिस्ट चर्चने नेमकं हेच केलं. हे चर्च १८७८ सालचं, अमेरिकेच्या संसदेपासून हाकेच्या अंतरावर. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते भरभराटीला आलेलं होतं. मार्क डेव्हर तिथे १९९४ मध्ये पाळक म्हणून आले, तेव्हा सभासदांच्या यादीत सुमारे पाचशे नावं होती आणि रविवारी येत होते सव्वाशे-दीडशे. राहिलेल्यांचं काय? कुणी गाव सोडून गेलेलं, कुणी दुसऱ्या चर्चला जाणारं, कुणाचा पत्ताच नाही. नावं मात्र वहीत वर्षानुवर्षं सुखाने नांदत होती. मंडळीने १९९६ साली सभा घेऊन एकदम २५६ नावं कमी केली. मरणपंथाला लागलेलं चर्च सुधारायला आलेल्या माणसाने आल्यावर दोन वर्षांत सभासदसंख्या निम्म्यावर आणली! आपल्याकडच्या एखाद्या पतसंस्थेच्या अध्यक्षाला हे सांगून पाहावं.

डेव्हर यांचं म्हणणं सरळ होतं. सभासद म्हणजे ज्याची जबाबदारी मंडळी घेते तो माणूस. जो कुठे आहे हेही ठाऊक नाही, त्याची जबाबदारी घेतल्याचा कागद खोटा. उरलेल्या नावांची त्यांनी पुस्तिका केली. रोज तिची काही पानं घ्यायची आणि त्यावरल्या एकेका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, हा त्यांचा शिरस्ता पुढे सगळ्या मंडळीने उचलला. पुढे त्यांनी निरोगी मंडळीची नऊ लक्षणं सांगणारं पुस्तक लिहिलं आणि ‘निरोगी चर्च’ हा शब्द जगभर गेला. त्या नऊ लक्षणांत इमारत, वाद्यवृंद आणि पार्किंग यांतलं काहीही नाही. वचनाचं नीट विवरण, सभासदत्व, शिस्त, शिष्यपण, वडीलजन, असली जुन्या वळणाची यादी आहे. तिच्यातलं सगळंच पटायला हवं असं नाही. स्त्रियांनी पाळक होऊ नये हा डेव्हर यांचा आग्रह तर आपल्याकडे उत्तर भारताच्या मंडळीने, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने, केव्हाच मागे टाकला. पण वहीपासून सुरुवात करण्यात त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

गंमत अशी की डेव्हर वॉशिंग्टनला आले ते केंब्रिजहून. तिथे त्यांनी डॉक्टरेट केली रिचर्ड सिब्जवर. हा सतराव्या शतकातला प्युरिटन प्रवचनकार बोलायचा होली ट्रिनिटी चर्चमध्येच, म्हणजे पुढे जिथल्या बाकांना कुलपं लागली तिथे.

त्याच शतकातला दुसरा प्युरिटन, रिचर्ड बॅक्स्टर, हा तर या कामाचा आद्य कारागीर. किडरमिन्स्टर हे विणकरांचं गाव. तिथे आठशेवर कुटुंबं. बॅक्स्टर आणि त्याचा सहायक आठवड्याचे दोन दिवस, सोमवार आणि मंगळवार, सकाळपासून जवळजवळ रात्रीपर्यंत कुटुंबांना भेटत, आठवड्याला पंधरा-सोळा घरं. सोळाला बावन्नने गुणलं की आठशे बत्तीस होतात. म्हणजे वर्षात गावातलं एकही घर सुटत नव्हतं. भेटीत हवापाण्याच्या गप्पा नसत. घरातल्या प्रत्येकाला काय कळलं, काय कळलं नाही, हे विचारलं जाई. प्रवचन वर्षानुवर्षं ऐकूनही ज्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, त्याला समोर बसवून अर्धा तास बोललं की उमजतं, असा त्याचा अनुभव होता. चर्चमध्ये माणसं मावेनात म्हणून पाच सज्जे बांधावे लागले. हे सगळं त्याने १६५६ मध्ये पुस्तकात लिहून ठेवलं आणि ते आजही पाळकांच्या शाळांत वाचलं जातं. वाचणारे पुष्कळ. सोमवार-मंगळवार त्यासाठी राखणारे किती, हा प्रश्न अवघड.

आता नगरकडे, म्हणजे कागदोपत्री अहिल्यानगरकडे. मराठी मुलखात लहान मंडळी हा विषय नवा नाही, दीडशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला पोचले. पुढची वीस-पंचवीस वर्षं पाळक गोरा आणि मंडळी इथली, असा मामला चालला. मग बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः पाहणीला आले. मंडळीने आपला कारभार आपण करावा, खर्च आपण पेलावा, प्रसार आपण करावा, ही त्यांची तिहेरी भूमिका. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. खेड्यापाड्यांतल्या चिमुकल्या मंडळ्यांना त्यांच्यातलाच पाळक देण्याची वाट तिथून मोकळी झाली.

कारभार आला, खर्च पेलायचं मात्र अडून राहिलं. गावातली मंडळी गरीब, बहुतेक गावकुसाबाहेरची, दुष्काळाने पिचलेली. पाळकाचा पगार मिशनमधून येणार म्हटल्यावर पाळक मंडळीचा की मिशनचा, हा पेच गळ्यात पडला तो पडलाच. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना तो जितका बोचला तितका क्वचितच कुणाला बोचला असेल. त्यांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पुढे वाढला नाही. त्यांची भजनं मात्र आजही गावोगावच्या उपासनेत पेटीवर वाजतात. मिशनच्या पैशाचा हिशेब कुठल्याशा दप्तरात पडून असेल. पदं लोकांच्या तोंडात आहेत.

नागपूरला १९७० मध्ये सहा चर्चं एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. नगर भागातल्या जुन्या मिशनच्या बऱ्याच मंडळ्या तिच्यात आल्या. त्यांची आजची दुखणी अमेरिकेपेक्षा वेगळी आहेत. तिथे माणसं श्रद्धेपासून दूर गेली, इथे पोटामागे गेली. पोरं पुणे-पिंपरी-मुंबईला नोकरीला. गावात उरतात म्हातारी माणसं आणि दगडी चर्चची घंटा. नाताळला चर्च ओसंडून वाहतं, जानेवारीच्या पहिल्या रविवारनंतर पुन्हा दोन बाकं. नोंदवहीत नावं दीडशे. ती कमी करायची सूचना कुणी केलीच, तर डेव्हर यांच्यापेक्षा जास्त ऐकून घ्यावं लागेल, कारण इथे नावाशी दफनभूमीतली जागा, पंच कमिटीचं मत आणि आज्याची आठवण जोडलेली असते. कापून टाकणं इथे चालायचं नाही. नाव पुण्यात कुठे राहतं, रविवारी कुठल्या चर्चला जातं, गावाकडे म्हातारीचं कोण पाहतं, हे मात्र लिहून ठेवता येतं. तेवढं केलं तरी वही खरी होईल.

दुसरं दुखणं बदलीचं. पाळक गावात येतो, माणसं ओळखीची होतात, कुणाचं कुणाशी का फाटलंय ते उमगायला लागतं आणि तेवढ्यात बदलीचं पत्र हातात. बदलीच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. एकाच जागी वीस वर्षं मुरलेला पाळक पुढे संस्थानिक होतो, चर्चच्या जागेवरचे वाद त्याच्या आशीर्वादाने पिकतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याचा उपाय हिशेब तपासणं हा आहे, माणूस उपटून दुसरीकडे लावणं हा नव्हे. सिमियनला तीन वर्षांनी हलवलं असतं, तर बाकांची कुलपं जिंकली असती. बारा वर्षं त्याच्या वाट्याला दुपारचं प्रवचनसुद्धा आलं नव्हतं. एवढा वेळ आज कुठली धर्मप्रांत समिती देईल?

सिमियनला लांबचं दिसत होतं, हे आणखी एका गोष्टीत कळतं. इंग्लंडात एखाद्या चर्चला पाळक कोण द्यायचा, हा हक्क त्या काळी विकत मिळे. सिमियनने आणि त्याच्या मित्रांनी पैसे जमवून असे हक्क घेतले आणि ते एका विश्वस्त निधीकडे सोपवले, म्हणजे आपण गेल्यावरही चांगली माणसं जात राहतील. हिंदुस्थानकडेही त्याचं लक्ष होतं. त्याचा सहायक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्याला आला. नव्या कराराचा उर्दू तर्जुमा त्याचाच. १८१२ मध्ये, जेमतेम एकतीस वर्षांचा असताना, तो परतीच्या वाटेवर तुर्कस्तानातल्या तोकात गावी वारला. मार्टिनची तसबीर सिमियनच्या खोलीत शेगडीच्या वर टांगलेली असे.

आपल्या गावांतल्या पाळकांकडे निधी नाही, तसबिरीही नाहीत. दुचाकी आहे. एका पाळकाकडे तीन-चार गावं असणं नवलाचं नाही. सकाळी आठला पहिल्या गावची उपासना, दहाला दुसऱ्या, बारा वाजता तिसऱ्या. कापणीच्या सणाला त्यात लिलावाची भर. ज्वारीचं पोतं, कोंबडी, अंडी, भोपळा, सगळं वेदीसमोर मांडलेलं. पन्नास रुपयांचा भोपळा पाचशेला जातो. घेणारा तो तिथेच परत अर्पण करतो आणि तो पुन्हा बोलीवर चढतो. लहान पोरं आकडे मोठ्याने मोजतात. शहरातून खास आलेला मुलगा आईच्या नावाने बोली लावतो आणि पाळकसाहेब मधेच थांबून विचारतात, आईचे गुडघे कसे आहेत आता.

तिसऱ्या गावी पोचायला उशीर झालेला असतो. तोवर तिथल्या एका आजीने पेटी उघडून भजन सुरू केलेलं असतं.