जो त्या संध्याकाळी घरी नव्हता



गेल्या अंकातलं आमचं बर्फ उपसण्याचं पुराण वाचून बऱ्याच जणांनी पाठदुखीवरचे घरगुती उपाय कळवले. सर्वांचे आभार. आता बर्फ वितळलं, ड्राइव्ह वे मोकळा झाला, आणि ओक ट्री रोडवर पाडव्याच्या साखरेच्या गाठी व शॉपराइटमध्ये चॉकलेटचे ससे एकाच सुमारास दिसू लागले. आमच्या घरी या दिवसांत दोन सण येतात. पाडव्याचं श्रीखंड शेजाऱ्यांकडे, ईस्टरचं जेवण आमच्याकडे. आम्ही वसईकडचे, निर्मळजवळच्या एका गावातले मराठी कॅथॉलिक. मंडळाच्या कार्यक्रमात नवीन माणूस भेटला की अजून विचारतो, "अहो, तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं चांगलं कसं?" यावर आमचं ठरलेलं उत्तर आहे : "घरी दुसरं काही बोलतच नव्हते हो!"

तर विषय ईस्टरचा. आमची कन्या रविवारी चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. मागे एकदा तिथून आली ती जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, तो डाउटिंग थॉमस. सगळे शिष्य घरात होते, तर तो एकटाच कुठे गेला होता?"

प्रश्न बिनतोड होता. गोष्ट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शुक्रवारी येशूला क्रुसावर मारलं. रविवारी पहाटे मरिया मग्दालिया कबरीपाशी गेली, तर कबर रिकामी. तिथे कोणी उभं होतं, तो तिला बागेचा माळी वाटला. त्यानं तिला नावानं हाक मारली तेव्हा ओळख पटली. त्याच संध्याकाळी शिष्य दारं लावून, घाबरून एका घरात बसले होते. येशू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला, शांती असो म्हणाला, आणि हातांवरच्या व कुशीतल्या जखमा दाखवल्या. पण बारा शिष्यांपैकी थोमा, म्हणजे थॉमस, तेव्हा तिथे नव्हता. तो आल्यावर बाकीचे सांगू लागले, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणाला, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी नाही मानणार. मग आठ दिवसांनी दारं पुन्हा बंद असताना येशू पुन्हा आला. या खेपेला थोमा घरात होता.

योहानाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, ही हकीकत आहे. पहिल्या संध्याकाळी थोमा कुठे होता हे योहान सांगत नाही. आमच्या कन्येनं मात्र स्वतःच निकाल लावला : "सगळे घाबरून आत बसले होते ना? मग कोणीतरी दूध-ब्रेड आणायला गेलंच असेल!" कोविडमध्ये वाढलेली पोरं ही, बंद घरातून एकानं तोंड बांधून किराणा आणायला जायचं असतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

आम्ही हसलो, पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्या संध्याकाळी जो घरी नव्हता, त्याच्याशी आमचं जुनं नातं आहे.

२०२१ साली ईस्टर ४ एप्रिलला होता. त्याच आठवड्यात आमचे वडील गेले. कोविडची दुसरी लाट वसईत शिरली होती. नेहमीची विमानं बंद, आमच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला; गेलो तर परत कधी येता येईल याचा भरवसा नाही. बायको, मुलगी, नोकरी सगळं इथे. दादा फोनवर म्हणाला, "येऊ नकोस, आलास तरी वेळेवर पोचणार नाहीस." वसईत सकाळचे अकरा, म्हणजे एडिसनमध्ये रात्रीचा दीड. एका चुलतभावानं फोन धरला होता. मोजकी माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चित्र मधेच गोठायचं. शेवटची माती टाकताना फोनची रेंज गेली. पुन्हा आली तेव्हा लोक परत फिरले होते.

पुढच्या रविवारी, ११ तारखेला, लॅपटॉप टीव्हीला जोडून मिस्सा पाहिली. ईस्टरनंतरच्या रविवारी दरवर्षी जगभरच्या कॅथॉलिक चर्चमध्ये हीच थोमाची गोष्ट वाचतात. लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की हा शंकेखोर माणूस नाही, हा फक्त गैरहजर माणूस आहे. दहा जणांनी पाहिलं, यानं ऐकलं. इथे राहणाऱ्या आपल्या सगळ्यांची हीच तर कथा! बारसं, लग्न, आजारपण, मरण, सगळं ऐकायचं. मग मन म्हणतं, मी नाही मानत. पुढे कित्येक महिने रविवारी सकाळी आमचा हात सवयीनं फोनकडे जायचा, वडिलांचा नंबर लावायला.

त्यानंतर ती गोष्ट आम्ही नीट काढून वाचली. वडिलांनी पाठवलेलं 'सुबोध बायबल' घरात होतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ते मराठीत आणलं, आणि त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. (फादर २५ जुलै २०२४ ला गेले. तेव्हाही आम्ही इथेच होतो, बातमी फोनवरच कळली.) नीट वाचल्यावर काही गोष्टी नव्यानं दिसल्या, त्या आपल्यापुढे ठेवतो.

पहिली, थोमानं जगावेगळं काहीच मागितलं नव्हतं. बाकीच्या दहांना जखमा आपणहून दाखवल्या होत्या. यानं तेवढंच मागितलं. शिवाय लूक लिहितो की, कबर रिकामी असल्याचं बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा या शिष्यांना ती बडबड वाटली. म्हणजे ऐकीव गोष्टीवर विश्वास कोणीच ठेवला नव्हता. नाव मात्र एकट्या थोमाचं खराब झालं. शिवाय हाच थोमा आधी एकदा, येशूच्या जिवाला धोका असताना, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असं सोबत्यांना म्हणाला होता. असा माणूस प्रेम कमी म्हणून शंका घेत नाही. जास्त प्रेम असतं म्हणूनच ऐकीव सांत्वन त्याला पुरत नाही.

दुसरी, त्या आठ दिवसांची. दहा जण आनंदात, आणि हा एकटा रुसलेला. पण त्यांनी त्याला 'तुझी श्रद्धा नाही, तू इथून जा' म्हटलं नाही. आणि मानत नसतानाही तो तिथे आला, बसला. आठव्या दिवशी तो घरात नसता तर? या आठ दिवसांवर योहान एक वाक्यही खर्च करत नाही, पण आम्हाला सगळी गोष्ट या आठ दिवसांत दिसते. त्यांनी जागा ठेवली आणि त्यानं येणं सोडलं नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. येशू दुसऱ्यांदा आला तो, आमच्या समजुतीप्रमाणे, एका माणसासाठी. बाकीच्यांचं काम पहिल्या संध्याकाळीच झालं होतं. आल्यावर त्यानं 'तू कुठे होतास' असं विचारलं नाही. थोमानं घातलेली अटच पुढे केली : हे बघ हात, आण तुझं बोट. कॅराव्हाजिओनं १६०१-०२ च्या सुमारास काढलेल्या चित्रात थोमाचं बोट थेट जखमेत गेलेलं आहे. पण योहान असं कुठेही म्हणत नाही. मागितलेलं समोर आल्यावर बहुधा बोट घालायची गरजच उरली नाही. शंकेखोर म्हणून नाव पडलेल्या या माणसानं मग येशूला सरळ आपला प्रभू आणि आपला देव म्हटलं. जखमा मिटलेल्या नव्हत्या. त्या जखमांवरूनच ओळख पटली.

एडिसनमध्ये राहून थोमाची बाजू घ्यायला आम्हाला संकोच नाही. हे गावच एका थॉमसच्या नावाचं. पूर्वी याला रॅरिटन टाउनशिप म्हणत. १९५४ साली थॉमस अल्वा एडिसनचं नाव दिलं, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथली. करून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हा इथला जुना धर्म, आणि आम्ही पेशानं इंजिनियर!

आणखी एक थॉमस आपल्या मराठीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट २४ ऑक्टोबर १५७९ ला गोव्यात उतरले. सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनला वडिलांना प्रवासाचं लांबलचक पत्र लिहिलं. ते पत्र आजही वाचायला मिळतं. फादर मात्र परत गेले नाहीत. चाळीस वर्षं गोव्यात राहून १६१९ मध्ये तिथेच वारले. वडिलांना पत्र लिहून कायमचा लांब राहिलेला हा मुलगा आमच्या ओळखीचा वाटतो. परक्या देशात तो तिथली भाषा शिकला, आणि ज्यांनी येशूला पाहिलं नव्हतं, पाहणंही शक्य नव्हतं, त्यांना ती सारी कथा त्यांच्या ओवीत सांगितली. तेच 'ख्रिस्तपुराण'. सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ मध्ये राशोलला ते छापलं, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, याहून वेगळं काय केलं फादरांनी?

आता आमची आठव्या दिवसाची गोष्ट सांगून संपवतो. आमच्या बाबतीत आठ दिवसांचं वर्ष झालं. २०२२ च्या मे महिन्यात वसईला पोचलो. दादा स्टेशनवर घ्यायला आला होता. वाटभर मनात एकच, हा आता विचारणार. त्यानं विचारलं, "जेवलास का?"

घरी जेवलो. संध्याकाळी तो आम्हाला चर्चमागच्या दफनभूमीत घेऊन गेला. तिथे उभं राहून त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ताप कधी आला, रिक्षा कोणी आणली, वडील शेवटचं काय बोलले, कबर कोणी खणली, माती पहिली कोणी टाकली. फोनवर यातलं बरंचसं तो सांगून चुकला होता. तरी पुन्हा सांगितलं, घाई न करता. मग खाली वाकून थोडी माती उचलून आमच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझी राहिली होती."

आमची टाकून झाली. त्यानंतर रविवारी सकाळी हात फोनकडे गेला नाही.

म्हणून कन्येला आता आम्ही सांगतो, थोमा कुठे होता ते आपल्याला माहीत नाही, आणि येशूनंही विचारलं नाही. तो परत आला एवढं पुरे.

आणि वाचकहो, तुम्हालाही एक सांगणं. इथे कोणाचे आई-वडील तिकडे गेले की आपल्या मंडळातली माणसं डबे घेऊन दारात उभी राहतात. २०२१ मध्ये आमच्या पायरीवर खिचडीचा डबा ठेवून, बेल वाजवून, कोणीतरी लांब जाऊन उभं राहिलं होतं. मास्कमुळे चेहरा दिसला नाही. हे चालू ठेवा. पण आठ दिवसांनी, वर्षानं, पुन्हा एकदा जा. 'झालं ते झालं' म्हणू नका. त्या माणसाला त्याच्या आई-वडिलांबद्दल विचारा. आणि तिकडे ज्यांचे भाऊ-बहिणी आहेत त्यांनी फोन करून सांगा : मी येईन तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून सांग.

ईस्टरच्या आणि पाडव्याच्या शुभेच्छा! बागेतल्या टोमॅटोंची कहाणी उन्हाळी अंकात. तोवर नमस्कार.