एका विहिरीवर तीन योजना

हवामानबदलाचा प्रश्न एकट्या कृषी खात्याचा नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. केंद्र सरकारने ३० जून २००८ रोजी प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आठ अभियाने योजिली असून ती निरनिराळ्या मंत्रालयांकडे सोपविली आहेत. सौरऊर्जा एकाकडे, पाणी दुसऱ्याकडे, शाश्वत शेती तिसऱ्याकडे. दिल्लीत ही वाटणी सोयीची असेल. परंतु गावात ही तिन्ही एकाच विहिरीच्या काठावर येतात, आणि तेथे त्यांची एकमेकांशी ओळख करून देणारा कोणी नसतो.

माझ्या कार्यक्षेत्रातील एका गावी नाल्यावर बंधारे झाले. ते एका खात्याचे काम. पुढे सौरपंप आले, ते दुसऱ्याचे. शेततळ्यांची शिफारस मी स्वतः केली. ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे ही अपेक्षा. प्रत्यक्षात प्लास्टिक अंथरलेली तळी विहिरी उपसून भरली गेली. सौरपंपास वीजबिल नाही. ऊन आहे तोवर तो चालतो. भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी वर आणून उन्हात ठेवले गेले, व माघ सरण्यापूर्वीच शेजारच्या उथळ विहिरी आटल्या. त्या विहिरींच्या धन्यांना यांपैकी एकही योजना मिळालेली नव्हती. प्रत्येक खात्याचे उद्दिष्ट मात्र पूर्ण! त्या अहवालावर माझीही सही आहे.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये राज्यातील १५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत घातली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि पिकांस किती लागणार, याचा तो हिशेब होय. परंतु तो एकाच खात्याच्या दप्तरात राहिला, तर त्याचा उपयोग थोडाच. माझ्या मते, हा कागद पाहिल्यावाचून कोणत्याही खात्याने त्या गावी पंप, विहीर वा तळे मंजूर करू नये. यामुळे विलंब होईल, हा आक्षेप खरा आहे. तो मी मान्य करतो. शेजाऱ्याची विहीर आटण्यापेक्षा तो विलंब परवडेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मंजुरीची वाट न पाहता एवढे करावे: पाणलोटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या पाच विहिरी निवडाव्यात, रब्बीच्या पेरणीपूर्वी दोरीने त्यांतील पाण्याची पातळी मोजावी आणि ते आकडे ग्रामसभेत सर्व खात्यांच्या माणसांसमोर वाचून दाखवावेत.